आधी खड्डा बघा, मग कुत्र्याकडे वळा

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. बैठं घर आहे, मागे-पुढे थोडी मोकळी जागा. पुढच्या अंगणात मी गुलाब लावलेत. मागे मोरीच्या बाहेर धुण्याचा दगड आणि त्याला लागून कढीपत्ता. आमचा बंड्या दीड वर्षाचा, आई लॅब्रॅडॉर आणि बाप गल्लीतला. स्वभावाने गरीब आहे, पण मार्चपासून बाग उकरण्याचा त्याने सपाटा लावलाय. गुलाबाचा वाफा मी रोज सकाळी नव्याने भरते. त्या वाफ्यात फेब्रुवारीत हाडांचा चुरा घातला होता, फुलंही छान आली होती. दुपारी कढीपत्त्याखाली खड्डा करून त्यात पडून राहतो. रात्री मागच्या भिंतीपाशी, ड्रेनेजच्या चेंबरजवळ नाक खुपसून उकरत असतो, तेव्हा हाका मारल्या तरी येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात तिखट टाका, माळी म्हणतो फिनेल ओता, कुणी डांबरगोळ्या सुचवल्या. यांचं म्हणणं, दिवसभर साखळीला बांधू. सासूबाई तर त्याला मळ्यात धाडायला निघाल्यात. आम्ही दोघं नोकरीला जातो. संध्याकाळी येऊन ओरडलं की तोंड पाडून बसतो, म्हणजे चूक कळते ना? तरी दुसऱ्या दिवशी तेच.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, लोक माझ्याकडे कुत्रा घेऊन येतात आणि म्हणतात, ‘हा उकरतो, काहीतरी गोळी द्या.’ कुठे उकरतो, किती वाजता उकरतो, खड्डा उथळ की खोल, यातलं काही विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही ते सगळं न विचारता लिहिलंत. त्यामुळे बंड्याला न बघताही बरंच सांगता येईल. तुमच्या दृष्टीने ही एक खोड आहे. मला पत्रात तीन वेगवेगळी कामं दिसतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

सोपं काम आधी. कढीपत्त्याखालचा दुपारचा खड्डा परातीसारखा पसरट असणार आणि तो त्यात पोट टेकून झोपत असणार. ही त्याची उन्हाळ्याची सोय आहे. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या गादीत असतात, म्हणजे आपल्यासारखं सर्वांगाला घाम येऊन त्याचं अंग गार होत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या किंवा थंड जमिनीला पोट लावायचं, एवढंच त्याच्या हातात. धुण्याचं पाणी मुरून ती माती कायम ओलसर राहते, वर झाडाची सावली. तुमच्या घरातली सगळ्यात थंड जागा त्याने बरोबर शोधून काढली आणि वरची तापलेली माती बाजूला सारली. तो खड्डा बुजवलात तर शेजारी दुसरा करील. त्यापेक्षा तिथेच, झाडाच्या मुळांपासून दोन-अडीच फूट बाजूला, दोन शहाबादी फरश्या टाका. वर दुपारी ओलं गोणपाट अंथरा, जवळ मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. प्लॅस्टिकच्या भांड्यातलं पाणी दुपारी दोनला चहाइतकं गरम झालेलं असतं, ते कोण पिणार? आणि सासूबाई झोपतात त्या खोलीत पंख्याखाली त्याला दुपारपुरता घेतलात तर हा खड्डा आपोआप बंद होईल. सासूबाईंची समजूत मात्र तुम्हालाच घालावी लागेल, तो विषय माझा नव्हे.

गुलाबाचा वाफा. हाडांचा चुरा! तुम्ही फेब्रुवारीत घातलात आणि मार्चपासून उकरणं सुरू झालं, हे तुमच्याच पत्रात आहे. गुलाबाला स्फुरद मिळावं म्हणून आपण तो घालतो. कुत्र्याला त्याचा एकच अर्थ लागतो, खाली हाड पुरलंय. तो रोज तेच शोधतोय आणि सापडत नाही म्हणून रोज नव्याने शोधतोय. तुम्ही सकाळी माती भरून, थापून, पाणी घातलंत की वास आणखी उठतो. बरं, हा चुरा त्याने भरपूर खाल्ला तर पोटात त्याचा गोळा होऊन आतडं तुंबू शकतं, म्हणून हे फुलझाडांपुरतं नुकसान समजू नका. यापुढे त्या वाफ्याला चांगलं कुजलेलं शेणखत घाला. आत्ता जो चुरा मातीत आहे तो काही बाहेर काढता येणार नाही, त्यावर पहारा बसवायचा.

माझी पद्धत सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात कोंबडीच्या खुराड्याची जाळी मिळते. ती वाफ्याच्या मापाने कापून घ्या, गुलाबाच्या बुंध्यांसाठी ऐसपैस भोकं ठेवा आणि वरची दोन इंच माती बाजूला करून आडवी अंथरा. कडा खाली दुमडून मातीत दाबायच्या, वर आलेल्या तारेने पंजा फाटतो आणि मग ते टाके घालायला कुत्रा आमच्याकडेच येतो. वर माती पसरा आणि बुंध्याभोवती मुठीएवढे गोटे ठेवा. पहिल्या दिवशी तो नखं मारील, जाळीला अडकतील, जागा बदलून बघील. पंजाखाली जाळी लागलेली बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. पावसाळ्याअखेर वास बराच कमी झालेला असेल, जाळी मात्र राहू द्या.

आता मागची भिंत. माझं सगळं लक्ष तुमच्या त्या एका वाक्यावर खिळलं : ‘हाका मारल्या तरी येत नाही.’ रात्रीची वेळ, भिंतीचा पाया, जवळ चेंबर आणि बहिरा झालेला कुत्रा. तिथे घूस आहे. उद्या सकाळी उजेडात जाऊन बघा. बंड्याने केलेला खड्डा भिंतीच्या दिशेने तिरका उतरत असेल आणि आजूबाजूला कुठेतरी भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसेल. तो ढीग घुशीचा. म्हणजे पाया पोखरणारी ती आणि दोष याच्या माथी.

याला शिक्षा करून काही होणार नाही, घूस गेली पाहिजे. पण ती घालवताना विष वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे पिठाच्या गोळीत जी काळी पावडर मिसळतात ते झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की फॉस्फीन वायू तयार होतो. कुत्र्याने गोळी खाल्ली तर वेळ फार थोडा मिळतो आणि त्याच्या उलटीतून निघणारा वायू बंद खोलीत माणसालाही बाधतो. तयार वड्या मिळतात त्यांत बहुधा ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही आणि तीन-चार दिवस काही कळतच नाही. जो कुत्रा घुशीच्या बिळात तोंड घालतो, त्याच्या घरात या दोन्ही वस्तू नकोत.

घूस येते ती खाण्यासाठी. बंड्याच्या ताटलीत रात्री उरलेला भात, उघडी कचऱ्याची बादली, चिमण्यांसाठी टाकलेली ज्वारी, हे आधी बंद करा. चेंबरचं झाकण फुटलं असेल तर बदला, पाइपाच्या तोंडाला जाड जाळी बसवा. मोठा पिंजरा भिंतीला चिकटून लावा, आत सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा भजं. त्या रात्री बंड्या घरात. घूस गेल्याची खात्री झाल्यावर बिळात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरा, आणि पायाच्या कडेने शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरा. दीड फूट खोल पुरे.

दोन गोष्टी मात्र पावसाच्या आत करा. बंड्याच्या लसींचं कार्ड काढून लेप्टोस्पायरोसिसची लस त्यात आहे का आणि वर्षाच्या आत दिली आहे का, ते बघा. उंदीर-घुशींच्या लघवीतून हा रोग पसरतो, कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड धरतो, आणि माणसालाही होतो. तुम्ही तो खड्डा उघड्या हातांनी बुजवत असाल तर आजपासून रबरी हातमोजे घाला. दुसरी गोष्ट साप. घुशीच्या मागावर साप येतो आणि रिकाम्या बिळात मुक्काम करतो. नाग असो वा घोणस, उकरणाऱ्या कुत्र्याला दंश होतो तो बहुधा नाकावर किंवा जबड्यावर. एकाएकी तोंड सुजलं तर गांधीलमाशी समजून हळद लावत बसू नका, गाडीत घाला आणि थेट दवाखाना गाठा.

तिखट, फिनेल आणि डांबरगोळ्या. तिन्ही नको. तिखट पहिल्या शिंतोड्याला वाहून जातं, त्याआधी मात्र कुत्र्याच्या डोळ्यांत आणि नाकात जातं. तुमच्या अंगणात शेजारची पोरं चेंडू आणायला येत असतील तर त्यांच्याही. फिनेल पंजाला लागतं, तो पंजा चाटतो. डांबरगोळी गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काकूंना सांगा, डॉक्टर नको म्हणाले. माझ्यावर ढकला, मला सवय आहे.

साखळीबद्दल. दिवसभर बांधलेला कुत्रा उकरत नाही हे खरं, भुंकतो, साखळी चावतो, आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावायला शिकतो. शिवाय १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. तुमच्या यजमानांना वाचून दाखवा.

राहिलं त्याचं तोंड पाडणं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. १४ कुत्र्यांना खाऊ दाखवून ‘खायचा नाही’ म्हणून बजावलं आणि मालकांना खोलीबाहेर पाठवलं. परत आल्यावर मालकांना कधी खरं सांगितलं, कधी मुद्दाम खोटं. तर कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याच्याशी त्या ओशाळ्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा. न खाल्लेल्याचाही पडायचा. बंड्या सकाळी दहाला उकरतो, तुम्ही संध्याकाळी सहाला ओरडता. त्याला कळतं ते एवढंच की ताई घरी आल्या की चिडतात. उकरताना समोर सापडला तर मात्र नावाने हाक मारा, दुसरीकडे बोलवा, आला की शाबासकी द्या. मागून बोलणं वाया.

आणि दीड वर्षाचा लॅब्रॅडॉरच्या रक्ताचा कुत्रा दिवसभर अंगणात एकटा आहे, तो काहीतरी करणारच. सकाळी उन्हं चढायच्या आत पाऊण तास फिरवा, तेही ओढत न नेता. त्याला वास घेत घेत चालू द्या, त्याने तो जास्त दमतो. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर आपला तळहात उलटा टेकून बघा, तुम्हाला सोसला तर त्याच्या पंजाला सोसेल. आणि घराच्या एका कोपऱ्यात त्याची हक्काची उकरायची जागा करून द्या : चार फूट बाय तीन फूट, दीड फूट खोल, चाळलेली वाळू. कामावर जायच्या आधी त्यात काहीतरी पुरायचं. तुम्ही सोलापूरकर, कडक भाकरी घरात असणारच! तिचे तुकडे, गाजर, नारळाची शेंडी. सुरुवातीला अर्धे तुकडे वरच दिसतील असे ठेवा, मग रोज थोडे खोल. शिजवलेलं हाड पुरू नका, त्याच्या कपच्या घशात आणि आतड्यात रुततात. रात्री वाळूवर ताडपत्री टाका, नाहीतर गल्लीतली मांजरं ती जागा आपल्या सोयीसाठी वापरतील.

मळ्यात धाडायचा बेत रहित करा. मळ्यातही घुशी आहेत आणि तिथे विषाच्या गोळ्या बांधाबांधावर पडलेल्या असतात.

प्रश्न : आमचा डॅश पाच वर्षांचा आहे. फिरवतो, खेळतो, एकटा कधीच नसतो. ऊन नाही, घूस नाही. तरी लॉन उकरतो. आता काय कारण असेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो डॅश आहे, हेच कारण. ही जात जर्मनीत बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी तयार केली. आखूड पाय, रुंद पंजे, बिळात शिरेल असं लांबट शरीर, आणि वर उभ्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असा त्या अंगाला न शोभणारा मोठा आवाज. माझ्याही घरी एक आहे, चिंगी. तिने सोफ्याच्या गादीतही बीळ पाडलंय. तुमच्या लॉनच्या कडेला वर सांगितलेली वाळूची जागा करा आणि लॉनमध्ये हुमणीच्या अळ्या तरी नाहीत ना ते एकदा खणून बघा, गवताखालच्या त्या पांढऱ्या अळ्यांसाठीही कुत्री उकरतात. उकरू द्या, उड्या मारू देऊ नका. या जातीचा मणका नाजूक असतो, सोफ्यावरून आणि जिन्यावरून उड्या मारून पाठ जाते.

प्रश्न : नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून झाडांना एरंडी पेंड घातली. आमच्या राणीने झाडांची आळी उकरून ती पेंड खाल्ली. दुसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताची हगवण. चार दिवस सलाइन लावून वाचली. पेंड ‘सेंद्रिय’ असूनही असं का व्हावं? मग कोणतं खत घालायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : राणी वाचली, हे तुमचं आणि तुमच्या डॉक्टरांचं नशीब. एरंडीच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. नीट उष्णता देऊन ते नष्ट केलं नसेल तर ती पेंड म्हणजे पिशवीत भरलेलं विषच. त्यात तिला खमंग वास, त्यामुळे कुत्री चवीने खातात. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात, आणि यावर उतारा नाही. सलाइन लावून शरीराला तगवणं एवढंच करता येतं. सेंद्रिय या शब्दावर आपण फार विसंबतो. कण्हेरही सेंद्रियच की.

कुत्रा असलेल्या घरात कुजलेलं शेणखत आणि गांडूळखत घाला. निंबोळी पेंड कडू असल्याने बहुतेक कुत्री तिला तोंड लावत नाहीत, पण बाजारातल्या मिश्र पेंडीत एरंडी मिसळलेली असू शकते, पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा. शेंगदाणा पेंड भिजवून घालत असाल तर बुरशी आलेली नको. थिमेट नावाने मिळणारं दाणेदार फोरेट भारतात ३१ डिसेंबर २०२०पासून बंद आहे, तरी जुना डबा अनेकांच्या माळ्यावर असतो. ते घालूच नका. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्याही कुत्र्याला झटके आणतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो, उकरणारा कुत्रा घरात असेल तर कंदांकडे बघा. कळलावीचं फूल देखणं, पण जमिनीखालचा कंद जीवघेणा आहे. सायकसच्या बिया तशाच, त्यांनी यकृत जातं. पुन्हा कधी असं काही खाल्लं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, त्या मिठानेही कुत्रं दगावतं. खताची पिशवी किंवा झाडाची फांदी बरोबर घ्या आणि लक्षणांची वाट न बघता निघा.

प्रश्न : आमची पॉमेरेनियन परी तीन वर्षांची. नराशी संबंध आलेला नाही, याची खात्री आहे. गेल्या आठवड्यापासून पडवीतल्या लाकडांच्या मागे माती उकरून खळगा करते, त्यात मुलाची चप्पल नेऊन ठेवते आणि जवळ गेलं की गुरगुरते. जेवण कमी झालंय.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दीड-दोन महिन्यांपूर्वी ती माजावर आली होती का, कॅलेंडर बघा. आली असणार. कुत्रीच्या शरीरात माजानंतर संप्रेरकांचा जो चढउतार होतो तो गाभण राहो वा न राहो, जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे काहींना पिल्लं होणार असंच वाटू लागतं. तो खळगा म्हणजे बाळंतिणीची खोली आणि चप्पल म्हणजे पिल्लू. याला खोटं गाभणपण म्हणतात. सड सुजले असतील, दूधही येईल. पिळून बघू नका, पिळलं की आणखी येतं. तेल चोळू नका, शेक देऊ नका. चप्पल हिसकावून घेऊ नका, ती फिरायला गेली की हळूच उचला. त्या खळग्यावर फळी टाका. फिरणं वाढवा.

बहुतेकींचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळतं. सड गरम, लाल, दुखरे झाले किंवा ताप आला तर थांबू नका, लगेच दाखवा. योनीतून घाण वास येणारा स्राव दिसला तर त्याच दिवशी, कारण ते गर्भाशयात पू झाल्याचं लक्षण असू शकतं. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या, पण आत्ता नको. दूध आटून महिना-दीड महिना गेल्यावर करा. ऐन खोट्या गाभणपणात शस्त्रक्रिया झाली तर हीच लक्षणं कधीकधी लांबतात.